शंभराला ‘एकोण’ नाही

प्रमिलाबाईंशी माझी ओळख झाली ती त्यांच्या नकारामुळे. या गौरवग्रंथात लिहिणाऱ्या बहुतेकांना बाईंनी काही ना काही दिले असेल. मला मात्र त्यांनी पहिल्याच भेटीत चक्क नाही म्हणून सांगितले आणि वर वालाचे बिरडे खाऊ घालून परत पाठवले. बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त त्या नकाराबद्दलच लिहावे, असे मी ठरवले आहे. कारण तेवढे मोलाचे मला नंतर कुणी दिले नाही.

आम्ही चौक गावचे. माझ्या यजमानांचे जुन्या हायवेवर गॅरेज आहे. आमची अन्वी पहिलीत होती, त्या वर्षी आमच्या आळीत अबॅकसची जणू साथच आली होती. एका हळदीकुंकवाला शेजारणीच्या मुलाने डोळे मिटून, हवेत बोटे नाचवत भल्या मोठ्या बेरजा सांगितल्या आणि बायका वाण घ्यायचे विसरून त्याच्याकडे बघत राहिल्या. मी घरी आले ती ठरवूनच. यजमान हातावरचे ग्रीस पुसत म्हणाले, “अगं, गाडी अजून पयल्यावर हाय. एकदम टॉप टाकलास तर बंद पडंल.” गॅरेजवाल्यांना शिक्षणातले काय कळते, असे म्हणून मी त्यांना गप्प केले. कर्जतजवळच्या भिसेगावात राहणाऱ्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई लहान मुलांना अबॅकस उत्तम शिकवतात, असे कानावर आले होते. लेकीला घेऊन मी निघाले.

हौस होतीच, पण खरे कारण निराळे होते. अन्वीला आकड्यांची धास्ती बसली होती. गणिताचा तास असला की तिचे पोट दुखायचे. पंचवीस लिही म्हटले की ती बावन्न लिहायची, एकसष्ट म्हटले की सोळा. कर्जतला जाताना एसटीत खिडकीबाहेर बघत तिने मला विचारले, “आई, मी ढ हाय का गं?” मी “छे गं, वेडी की काय” म्हटले खरे, पण माझा आवाज माझा मलाच पटला नाही. आईच्या आवाजातले ते खोटे पोरांना बरोबर कळते. ती परत खिडकीबाहेर बघू लागली. या प्रश्नावर अबॅकस हेच औषध, अशी माझी भाबडी समजूत होती.

बाई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. भिजवून मोड आलेल्या वालाची साले काढली की आतून निघतात त्या डाळिंब्या, आणि त्या सोलायला चार हात असले तर बरे. बाईंनी माझे नाव विचारण्याआधी अन्वीला शेजारी बसवून घेतले. “ये गं, जरा हात लाव.” मी प्रवेशाचे बोलायला तोंड उघडणार, तोच त्या अन्वीला म्हणाल्या, “मला पंचवीस डाळिंब्या मोजून दे बघू.” अन्वीने एकेक करत बरोबर पंचवीस मोजून दिल्या. “आता पाटीवर लिही पंचवीस.” अन्वीने लिहिले बावन्न.

“बघा बाई, हे असं आहे हिचं,” मी उसळून म्हणाले. बाईंनी हातानेच मला थांबवले.

“अन्वी, मी काय म्हटलं? त्यात आधी काय ऐकू आलं?”

“पंच. म्हंजे पाच.”

“आणि मग?”

“वीस.”

“मग तू आधी काय लिहिलंस?”

“पाच,” अन्वी हळूच म्हणाली.

बाई माझ्याकडे वळल्या. “पोरगी चुकत नाही हो. जसं ऐकते तसं लिहिते. आपल्या बोलण्यात पाच आधी येतो आणि लिहिताना वीस आधी. ही भानगड तिला कुणी समजावूनच सांगितलेली नाही.” मग अन्वीला म्हणाल्या, “पंगतीला पोरं आधी धावत येतात, पण मोठ्यांना आधी बसवतात ना? तसंच हे. पाच आला की त्याला सांगायचं, तू थांब रं जरा, आधी वीस बसू दे.”

अन्वी खुदकन हसली. बाईंनी बासष्ट सांगितले. “दोन, तू थांब रं!” असे दटावून तिने सहा लिहिला आणि त्याच्यापुढे दोन. मी कपाळाला हात लावला. माझा जन्म मराठीत गेला, पण ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

“मग नाव कधी घालू?” मी विचारले. बाईंनी तो प्रश्न तसाच अन्वीकडे सरकवला. “तुला यायचंय का मणी शिकायला?” अन्वीने माझ्याकडे बघितले, खुंटीला टांगलेल्या अबॅकसकडे बघितले आणि खाली मान घालून म्हणाली, “नाय.”

“मग नाही,” बाई म्हणाल्या.

मी वाद घातला. वाद घालण्यात मी कुणाला हार जात नाही. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, “अबॅकस चांगलंच आहे, मी स्वतः शिकवते. पण ते भीतीवरचं औषध नव्हे. घाबरलेल्या पोराच्या हातात मणी दिले तर ते मण्यांनाही घाबरायला लागतं. तिचं ‘नाय’ एकदा ऐका. ते ऐकलंत तर तिचं ‘हो’ही कधीतरी ऐकायला मिळेल. तोवर शनिवारी वाल सोलायला पाठवत जा.”

परतताना मी धुसफुसत होते. अन्वी मात्र हायवेवरच्या ट्रकांच्या पाट्या वाचत, आकड्यांना “थांब रं” म्हणत घरापर्यंत आली. तिने मला पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. पोटदुखी काही एका दिवसात गेली नाही, पण हळूहळू थांबली. यजमानांनी एवढेच म्हटले, “सुटली ना गाडी पयल्यावर?” आणि या वेळी मी मान डोलावली.

बाईंचा हा बाणा सगळ्यांना सारखाच. त्यांच्या वर्गात भिंतीवर घड्याळ नाही. एकदा एक गृहस्थ मोठ्या गाडीतून मुलाला घेऊन आले. याला स्पर्धेत उतरवायचे आहे, किती सेकंदांत उत्तर येईल, असे विचारू लागले. बाई म्हणाल्या, “उत्तर कसं आलं ते तो तुम्हाला सांगू लागला की समजा आलं.” गृहस्थांना ते रुचले नाही. मुलगा मात्र पुढे हट्टाने येत राहिला. कशेळ्याला रविवारी दुपारी बाई जीपमध्ये दाटीवाटीने बसून शिकवायला जातात. तिथे वरच्या आदिवासी वाड्यांवरची मुले येतात. त्यांना शिकवण्याआधी बाईंनी त्यांच्याकडून त्यांच्या घरी आकडे कसे म्हणतात ते शिकून घेतले. बाईंचे उच्चार चुकले की मुले पोट धरून हसत, आणि बाई पुन्हा म्हणून दाखवत.

माझे ऑपरेशन झाले तेव्हा बाई दोन गाड्या बदलून चौकला आल्या. हातात डबा, आणि ओठांवर ओरडा: “उठू नकोस म्हटलं ना!” अन्वीची वेणी घालून, यजमानांनाही जेवायला वाढून त्या गेल्या. जाताना म्हणाल्या, “बरी झालीस की माझ्याकडे ये. तुझी जीभ फार चालते, ती पोरांत कामाला येईल.” अशी मी त्यांची सहकारी झाले. माझ्या जिभेचे असे कौतुक त्याआधी कुणी केले नव्हते.

आणि आता तो दिवस. अन्वी तिसरीत होती. शनिवारी ती येई, वाल सोली, गप्पा मारी. मण्यांना हात लावत नसे. बाईंनी एकदाही आग्रह केला नाही. माझी जीभ कितीदा तरी शिवशिवली, पण बाईंच्या धाकाने मी गप्प राहिले. त्या दिवशी बाई वर्गाला नऊ मिळवायला शिकवत होत्या. दांडीवर नऊ घ्यायला मणी पुरत नसतील, तर शेजारच्या दांडीवर दहाचा एक मणी घ्यायचा आणि इकडचा एक सोडायचा. मुलांच्या डोक्यात ते शिरत नव्हते. “दहा का घ्यायचे, नऊच हवेत ना?” असा गलका चालला होता.

ओट्यावरून अन्वी ओरडली, “बाई, हे तर एकोणतीस हाय!”

“म्हणजे काय गं?”

“तिसाला एक कमी, म्हंजे एकोणतीस. चाळिसाला एक कमी, एकोणचाळीस. मोठा घ्यायचा नि एक सोडायचा. तुमचे मणी मराठीच बोलतात की!”

 बाईंनी हातातला अबॅकस मांडीवर ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. “इतकी वर्षं शिकवते आहे गं,” त्या म्हणाल्या, “पण हे मला नव्हतं दिसलं.” ज्या भाषेने माझ्या लेकीला अडवले होते, त्याच भाषेने तिला वाट दाखवली होती. अन्वी आत आली, ओले हात फ्रॉकला पुसले आणि म्हणाली, “मला पण द्या ना एक.” बाईंनी खुंटीवरचा अबॅकस काढून तिच्या हातात दिला. मी मात्र आत जाऊन मनसोक्त रडले.

अन्वी आता सातवीत आहे. मी हा लेख लिहीत असताना ती आणि बाई माझ्याच समोर वाल सोलत बसल्या होत्या. “पंचाहत्तर,” अन्वी म्हणाली, “मी पहिलीत असते तर सत्तावन्न लिहिलं असतं.” “मग तसंच लिहायला सांग तुझ्या आईला,” बाई म्हणाल्या. बाईंना कशेळ्याच्या जीपमध्ये चढताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही चूक वाटणार नाही.

मग अन्वीने विचारले, “बाई, एकोणीस, एकोणतीस, पार एकोणनव्वदपर्यंत सगळे एक कमीच म्हणतात. मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाय म्हणत?”

बाई नेहमीच्या प्रामाणिकपणाने म्हणाल्या, “माहीत नाही गं.” अन्वी वाल सोलता सोलता म्हणाली, “शंभरातून कमी करायचं कुणाच्या जिवावर आलं असंल.”

बाई, आपणांस उत्तम आरोग्य लाभो, आपले गुडघे आणि आपला ओरडा दोन्ही असेच खणखणीत राहोत. पहिल्या भेटीत आपण नाही म्हणालात, ते आम्ही ऐकले आणि आमचे भले झाले. आता एवढे एक आमचे ऐका. आपल्या भाषेत शंभराला ‘एकोण’ नाही. आपणही एक कमी करू नका.