गोराईला, चौथीच्या परीक्षेसाठी

गोराईच्या प्राथमिक शाळेची चौथी चालू ठेवावी की नाही, हे परीक्षा घेऊन मला शाळाखात्याला कळवायचे होते. मुख्याध्यापिकेची नोकरी संपली, तरी अशी कामे माझ्याकडे येतात. मागल्या वर्षी निम्मी मुले परीक्षेला बसलीच नव्हती. वर्ग बंद झाला, तर मुलांना खाडी ओलांडून बोरिवलीला यावे लागणार. मुलींना एवढ्या लांब कोण पाठवतो? "एप्रिलच्या उन्हात कशाला जाता?" पार्ल्यातल्या शेजारणीने विचारले. परीक्षा एप्रिलातच असते, असे सांगून मी निघाले.

बोरिवली स्टेशनवरून टांगा करावा आणि भाडे बसण्याआधी ठरवावे. रस्ता धुळीचा आहे, खाडीजवळ मिठागरे लागतात. भरतीची वेळ मात्र विचारूनच घर सोडा. मी विचारली नव्हती. होडी चिखलात रुतलेली आणि नावाडी तिच्या सावलीत आडवा.

"पाणी कधी येईल?"

"येईल तवा येईल, बाय. त्याला काय शाळेची घंटा हाय?"

पाणी चढले, तेव्हा कुठे पलीकडे पोचले. शाळा दोन कौलारू खोल्यांची. चारही वर्ग परबमास्तर एकटे सांभाळतात. मुले बहुतेक ख्रिस्ती कोळ्यांची, काही भातशेती करणाऱ्यांची, थोडी मिठागरांवरच्या मजुरांची. मजुरांची मुले पावसाळ्यात गावी जातात आणि परततीलच असे नाही. चौथीच्या खोलीत चार मुलगे बसले होते. मुलगी एकही नाही.

"बाकीची?"

"पहाटे होड्या आल्या, बाई. बोंबील पडलाय. सगळी वाळवणावर. हे चौघे शेतकऱ्यांचे."

"आणि परीक्षेचा दिवस कोणी ठरवला?"

"वरून कळवलं," मास्तर पुटपुटले.

मी किनाऱ्यावर गेले. बांबूंच्या मांडवांवर बोंबील जोडीजोडीने टांगले जात होते. चौथीतली मार्था आईबरोबर भराभर हात चालवत होती. आईचे नाव सेसिल.

"बाय, परीक्षा उद्या घे," सेसिल म्हणाली. "बोंबील उद्यापर्यंत नाय थांबायचा."

"परीक्षा आजच. काम कधी आटपेल?"

"उन्हं कलली की."

"मग उन्हं कलली की सगळी शाळेत. हात धुऊन."

"मास्तरीण जबर हाय गं!" बायका हसल्या.

"परतीची होडी चुकेल, बाई," मास्तरांनी बजावले. चुकली तर चुकली. गावात उतरायची सोय नाही. सेसिलनेच ओसरीवर जागा दिली, वर तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचे कालवण. माशाला नाक मुरडणाऱ्यांनी शिदोरी न्यावी.

पण आधी परीक्षा. मुले आली, खरेच सगळी. वाचन चांगले, तोंडी हिशेब त्याहून चांगले. लेखी गणितात बरीच घसरली, तरी निम्म्याहून अधिक पास झाली. मार्था भागाकारात अडली.

"पास कर ना पोरीला, सकाळपासून राबलीय," सेसिल दारातून म्हणाली.

"राबल्याने भागाकार येत नाही, सेसिलबाई. नापास."

तरीही तिने मला जेवायला बोलावले, हे तिचे मोठेपण.

पार्ल्याला परतल्यावर त्याच दुपारी अहवाल लिहिला: मुले मंद नाहीत, गैरहजर असतात. चौथी चालू ठेवावी आणि मासळीच्या दिवसांत दुपारी भरवावी. वर्ग राहिला. वेळेबद्दल उत्तर आलेले नाही. ते येईपर्यंत मी विचारत राहणार. परबमास्तरांना मात्र लगेच कळवले: जूनमध्ये मार्थाला पहिल्या रांगेत बसवा आणि भागाकारापासून सुरुवात करा.