चष्मेवाल्याची चौथी खेप

व्यसनमुक्ती केंद्रात त्याला सगळे चष्मेवालाच म्हणायचे. खरं नाव नोंदवहीत होतं, हाक मारायला ते कोणी वापरत नसे. चाळीस पुरुष एकत्र राहायचे आणि त्यातल्या निम्म्यांचे चष्मे मोडलेले असायचे. कोणाचा पडून, कोणाचा मारामारीत, कोणाचा झोपेत अंगाखाली येऊन. जेवणं झाली की चष्मेवाला व्हरांड्यातल्या बाकावर बसून एकेकाची दांडी घट्ट करून द्यायचा. बारीक स्क्रू-ड्रायव्हर सरांच्या कपाटातून सही करून घ्यायचा आणि सही करून परत द्यायचा. सर म्हणजे केंद्राचे व्यवस्थापक. तेही एकेकाळी इथेच भरती झालेले, त्यामुळे त्यांना शेंडी लावणं कोणाला जमत नसे.

तो हाडाचा कारागीर होता. हॉस्पिटलसमोर त्याचं दुकान. जुना चष्मा नुसता डोळ्यांसमोर मागेपुढे हलवून नंबर सांगायचा, आणि फारसा चुकायचा नाही. दारू आधी दुकान बंद केल्यावर असायची, मग बंद करायच्या आधी, मग उघडायच्याही आधी. दोन घोट पोटात गेल्याशिवाय हाताची थरथर थांबत नसे, आणि थरथरत्या हाताने काच घासता येत नाही. म्हणजे कामासाठीच प्यावी लागते, असं त्याचं बिनतोड म्हणणं. घरात ते कोणाला पटत नव्हतं, पण खोडताही येत नव्हतं.

मग एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या चष्म्यात त्याने डावी काच उजवीकडे बसवली आणि उजवी डावीकडे. नवा चष्मा लावून बाई दुकानातून निघाल्या, पायरी चुकल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा त्या काठीशिवाय चालल्या नाहीत. हॉस्पिटलात माफी मागायला बायको गेली. तो दुकानामागच्या खोलीत पडला होता, शेजारी काचा पुसायच्या स्पिरिटची बाटली, रिकामी. ती बाटली बघितल्यावर बायकोने आपल्या भावाला बोलावलं आणि दोघांनी त्याला रिक्षात कोंबून केंद्रात आणलं.

पहिल्या खेपेला तो सहा महिने राहिला. बाहेर एकोणीस दिवस टिकला. दुसऱ्या खेपेला वर्षभर राहिला, बाहेर अडीच महिने. तिसऱ्या खेपेला सर म्हणाले, "या वेळी घाई नको. चांगली दोन वर्षं काढ."

आणि गंमत अशी, की आत त्याच्यासारखा माणूस शोधून सापडला नसता. साडेपाचला उठायचा, ढीगभर भांडी घासायचा. मीटिंगमध्ये बोलायला उभा राहिला की लोक पोट धरून हसायचे. "मी दारूला तीनदा सोडलं, तिने मला एकदाही सोडलं नाही. इतका जीव घरच्यांनी तरी लावलाय का?"

नवीन माणसाचे पहिले तीन-चार दिवस फार वाईट जायचे. घाम, उलट्या, भिंतीवर नसलेल्या मुंग्या. अशा माणसाजवळ सर त्यालाच बसवायचे. एकदा एक ट्रक ड्रायव्हर आला, दांडगा, सारखा उठून फाटकाकडे धावणारा. चष्मेवाला त्याला म्हणाला, "पळायचं ना? पळू की. पण एवढा चहा पी, मग दोघं मिळून पळू." ड्रायव्हरने चहा घेतला. संध्याकाळपर्यंत असे सात कप झाले आणि पळणं राहिलंच. वर्षभराने तो घरी गेला. पुन्हा थेंबालाही शिवला नाही.

चष्मेवाल्याची दोन वर्षं भरली, त्याच सुमारास त्याच्या मुलीला बाळ झालं. भेटीच्या रविवारी बायको आली, मोबाइलवर बाळाचा फोटो दाखवला आणि म्हणाली, "चला आता घरी. दुकान मी ओढतेय कसंबसं. पण फ्रेम बसवायला तुमचाच हात लागतो."

"माझा भरवसा धरतेस?"

"तुमचा नाही. या दोन वर्षांचा धरते."

तो गेला. घरातलं खोकल्याचं औषध गायब होतं, दुकानातलं स्पिरिटही. काचा आता साबणाच्या पाण्याने पुसत होते. मुलगी बाळ घेऊन आली. त्याच्या मांडीवर ठेवताना तिने आपले हात लगेच काढले नाहीत. बापाच्या बोटांकडे बघत राहिली, ती स्थिर आहेत याची खात्री पटली, मग सोडलं.

सतराव्या दिवशी काहीच झालं नाही. हे तो नंतर सरांना परत परत सांगत राहिला, "काहीच झालं नाही हो सर. भांडण नाही, टोमणा नाही." जेवण छान झालं होतं. एका गिऱ्हाइकाने आरशात बघून म्हटलं होतं, "वा, कानामागे अजिबात टोचत नाही." त्याला बरं वाटलं होतं. मग तो बायकोला म्हणाला, "स्क्रू संपलेत, घेऊन येतो." स्क्रू खरंच संपले होते. त्याने ते घेतलेही. तीन दिवसांनी बसस्टँडच्या मागे बायकोच्या भावाला तो सापडला, तेव्हा स्क्रूंची पुडी खिशातच होती.

आठवडाभर हॉस्पिटलात काढून तो चौथ्यांदा फाटकातून आत आला. या वेळी मीटिंगमध्ये त्याने तोंड उघडलं, तर कोणी हसलं नाही. मागे बसलेला एक प्लंबर मोठ्याने म्हणाला, "याला जमत नाही, तर आपण कशाला झक मारतोय इथे?" दुसऱ्या दिवशी तो प्लंबर बॅग भरून निघून गेला. सरांनी चष्मेवाल्याला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

खबर लागताच ट्रक ड्रायव्हर भेटायला आला. सुधारला होता, अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. म्हणाला, "दादा, मी आज उभा आहे तो तुमच्यामुळे."

"मग एक सांग," चष्मेवाला म्हणाला. "तुला जे सांगितलं ते मला तोंडपाठ होतं. तुझ्या आधीपासून पाठ होतं. मग तुझ्यात असं काय झालं, जे माझ्यात होत नाही?"

ड्रायव्हरने हातातला कप खाली ठेवला. "खरं सांगू? मला नाही माहीत, दादा."

त्या दोघांत तेवढंच एक खरं बोलणं झालं. बाकी मग डिझेल, रस्ते, ड्रायव्हरच्या पोरांची शाळा.

बायको तीन रविवार आली नाही. चौथ्या रविवारी आली. कपड्यांची पिशवी बाकावर ठेवून ती उभीच राहिली.

"बाळ हसायला लागलंय," ती म्हणाली.

"हो?"

"अहो, मी एक ठरवलंय. मी येत जाईन, महिन्यातून एकदा. कपडे आणीन, काय हवं-नको ते बघीन. पण तुम्ही आता घरी यायचं नाही. सहा महिन्यांनी नाही, दोन वर्षांनी नाही. सरांशी बोललेय मी. ते ठेवून घेतील कायमचं. माझ्यात आता पुन्हा शोधत हिंडायचं बळ नाही."

हे ऐकून काळजात काहीतरी तुटायला हवं होतं. तो वाट बघत राहिला. पण तुटण्याऐवजी काहीतरी सैल झालं. पुन्हा कोणी विश्वास टाकणार नव्हतं, म्हणजे पुन्हा तो मोडायचाही नव्हता. त्याचा जीव भांड्यात पडला.

"बरं," तो म्हणाला.

बायकोला त्याचा चेहरा तीस वर्षांच्या सवयीने वाचता येत होता. रडेल, हातापाया पडेल, भांडेल, या सगळ्याची तयारी करून ती आली होती. या एकाच गोष्टीची तयारी तिच्याकडे नव्हती. ती बाकावर बसली, पदर तोंडाशी धरला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यासमोर हमसून हमसून रडली.

तो शेजारी बसून राहिला. तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, हे त्याला ठरवता येईना.