अंगठ्याखालचा कोपरा

'घरी विचारून आलात का?' या दारावरच्या पाटीमुळे सदाभाऊंची बिअर शॉपी दिल्लीच्या वाहिनीवर झळकली. तेव्हापासून ते गिऱ्हाइकांना मोबाइलवर ती बातमी दाखवत. काल मलाही दाखवली, पण पडद्याच्या एका कोपऱ्यावर अंगठा ठेवून.

"अंगठा काढा की, सदाभाऊ."

"तिथं आपले शाळेतले मास्तर उभे आहेत. दूध आणतो सांगून निघालेले. आता घराबाहेर पडत नाहीत." त्यांनी मान खाली घातली. "कुणाला दिसू नये म्हणून बाटली कागदात गुंडाळून देतो मी. आणि माणूस उघडा पाडला."

प्रसिद्धीत माणूस आधी स्वतःला शोधतो. मागे कोण उभं आहे ते उशिरा दिसतं. साऱ्या देशाने पाहिलेला तो कोपरा सदाभाऊ एकट्या माझ्यापासून झाकत होते. बातमी संपली, तरी अंगठा तिथंच होता.