न उमटलेली रेघ

शांतामावशींच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा साध्या टॉर्चच्या उजेडात दिसत होता, आणि आमचं किट म्हणत होतं की सगळं ठीक आहे.

मी इन्व्हेस्टरच्या सहायकाकडे पाहिलं. हा माणूस सकाळपासून सॅम्पलच्या टेबलाभोवती घोटाळत होता. त्याचे साहेब, बत्रा, खंडाळ्याच्या बंगल्यातून खास डेमो बघायला वराळे गावात आले होते. डेमो फसला की कंपनी स्वस्तात पदरात पडते. असले प्रकार मी पाहिलेत.

मी तळेगावच्या एका इनक्युबेटरमध्ये काम करतो. इनक्युबेटर म्हणजे नव्या कंपन्यांचं बाळंतघर समजा. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्यांच्या शोधातून स्टार्टअप उभं करायचं, त्यासाठी इन्व्हेस्टर गाठायचे आणि त्याच इन्व्हेस्टरपासून संशोधकाला सांभाळायचंही. संशय घेण्याचाच पगार मिळतो म्हणा ना.

डॉ. रेवती सोनवणे यांचं किट लाळेवर चालायचं. तोंडाच्या कॅन्सरची सुरुवात असली की लाळेत काही प्रथिनं वाढतात. ती सापडली की पट्टीवर लाल रेघ उमटते. हॉस्पिटलातल्या पेशंटच्या सॅम्पलवर ती छान उमटायची. आता बत्रा नाही म्हणाले तर काम बंद. दुसरं कोणी दारात उभं नव्हतं.

गावातल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये दातांना तंबाखूची मिश्री लावणाऱ्या बायका बसल्या होत्या. एकीचीही रेघ उमटली नाही. इतकं निरोगी गाव मला पटेना.

"पट्ट्या कोणी बदलल्या का?" मी रेवतींना बाजूला घेऊन विचारलं.

"माझ्याच पिशवीत होत्या. तुम्ही सख्ख्या भावावरही संशय घ्याल," त्या म्हणाल्या. पण आवाज उतरला होता.

शांतामावशींना चहा दिला, तर त्यांनी कप परत केला.

"नको भाऊ. तोंड लय आवळलंय."

"कशानं?"

"तुरटीनं. आमी समद्यांनी गुळण्या केल्यात. डाक्टरीणबाय तोंडात बघणार, मग मिश्रीचं तोंड दाखवायचं व्हय? बरं दिसत न्हाई."

रेवतींच्या लगेच लक्षात आलं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ तळाशी बसतो, तसं लाळेतल्या प्रथिनांचं झालं होतं. पट्टीला सापडायला काही उरलंच नव्हतं.

"आधी खात्री करू, मग बत्रांना सांगू," मी म्हणालो. पण त्या थेट बत्रांपुढे गेल्या.

"सर, आज किट चुकलंय. आजारी माणसाला ठणठणीत म्हणतंय."

"मग मी इथे काय बघायला आलो?" बत्रा उठले आणि गाडीकडे गेले.

सहायक मागे रेंगाळला. मी सावध झालो. तो रेवतींना हळूच म्हणाला, "मॅडम, माझीपण टेस्ट कराल का? गुटखा खातो मी. साहेबांसमोर विचारता येईना."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावल्यावर शांतामावशी पदर तोंडावर धरून आल्या.

"तोंड न धुता आलेय बाय. रागवू नका."

यावेळी रेघ उमटली. चांगली ठसठशीत लाल. रेवतींनी माझ्याकडे पाहिलं, आम्ही दोघं चक्क हसलो. मग मावशींकडे लक्ष गेलं. आम्हाला हसताना पाहून त्याही हसत होत्या.

"म्हंजी बरंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

रेवतींनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि रेघेचा अर्थ सांगितला. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

मावशींचं ऑपरेशन झालं. लवकर कळल्यामुळे निभावलं. सहायकाची पट्टी कोरी निघाली, तरी रेवतींनी त्याला डेंटिस्टकडे पाठवलंच. बत्रा परत आले नाहीत. चाचण्या पुन्हा कराव्या लागल्या, मग दुसरा इन्व्हेस्टर मिळाला आणि कंपनी उभी राहिली.

संशय मी अजूनही घेतो, तो धंदाच आहे. पण कोणी नवं किट घेऊन आलं की आता आधी एवढंच विचारतो: तुमच्याकडे यायला निघण्यापूर्वी माणूस घरी काय करतो? बहुतेकांना ते माहीत नसतं.