टाकीतली कोळंबी

बसा गं बायांनो, चहा आपापला ओतून घ्या. मला वाकवत नाही, कंबर गेलीय. कशाने म्हणता? माझी अक्कल मीच कशी पाण्यात घातली ते ऐका!

भाईंदर पूर्वेला माझ्या लेकाचा, सुनीलचा गाळा आहे. डब्यांची प्लास्टिकची झाकणं बनवतो. मशीन एकच, पण तापतं असं की त्याला गार करणारं टाकीतलं पाणीसुद्धा चटके देतं. शाळा उघडायच्या आत व्यापाऱ्याला झाकणं पोचवायची होती. म्हणून सुनीलने पाणी गार ठेवणारा चिलर घ्यायचं ठरवलं. केवढा घ्यायचा, ते बघायला तिवारी नावाचा माणूस आला.

त्याने टाकीत मीटर बुडवला. म्हणाला, "तासाभर मशीन चलने दो. पानी कितना गरम होता है, उसपे साइज ठरेगा." मला राखणीला बसवून दोघं चहाला गेले.

आता सांगा, मुलगी बघायला पाहुणे आले तर आपण तिचा ताप दाखवतो का? मला वाटलं, हा मशीन पसंत करायला आलाय! पायाशी भावाने तारोडी गावाहून पाठवलेल्या कोळंबीचा डबा, वर बर्फच बर्फ. सगळा बर्फ ओतला टाकीत!

तिवारीने मीटर बघितला. "अरे वा शेठ, कुछ खास गरम नहीं होता! छोटावाला चलेगा."

"नक्की? माझा तर हात भाजतो!"

"मीटर झूठ बोलेगा क्या?"

मी पदराआड हसले. पोरगी पसंत!

छोटा चिलर बसला आणि दुपारपर्यंत धापा टाकायला लागला. झाकणं निघाली तळलेल्या पापडासारखी वाकडी! व्यापाऱ्याचा फोन थांबेना. सुनील तिवारीवर ओरडतोय, तिवारी सुनीलवर. कसला तरी वास येतोय म्हणून तिवारीने टाकीत हात घातला आणि वर काढली... कोळंबी!

"ये क्या है, शेठ?"

सुनीलने कोळंबीकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "आई?"

"बर्फाबरोबर गेली असेल एखादी!" झालं. निघालंच तोंडातून.

सुनीलने रिकामा डबा तेवढा माझ्या हातात दिला. मोठा चिलर येईपर्यंत मी रोज मासळीबाजारातून बर्फ आणायचा आणि टाकीत ओतायचा, आता उघड उघड! झाकणं वेळेत पोचली. कंबर मात्र तिथेच राहिली.

आणि तो तिवारी? आता कुठेही मोजायला गेला की आधी विचारतो म्हणे, "मशीन कितनी? पानी कितना? और माताजी घर पे हैं ना?"