कापलेले सीन

“ह्यो शीन कशापायी कापला आसंल?” होडीच्या टोकावर बसून आमचा नावाडी मोबाईलकडे बघत म्हणाला.

पवनानगरला धरणाकाठी माझ्या काकांचं कॅम्पिंग आहे. शनिवार-रविवारी मी तिथे बुकिंग सांभाळते आणि तो पाहुण्यांना होडीतून फिरवतो. बुडणाऱ्या जहाजावरच्या प्रेमाचा तो जुना इंग्रजी सिनेमा काका पडद्यावर लावतात, तेव्हा हा तिकडे फिरकत नाही. त्याच सिनेमातून वगळलेले सीन तो फोनवर शोधून बघतो.

“पिच्चर समद्यांनी बघितलाय, ताई. कापल्याली मान्सं कुनी बघायची?”

जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणारे, भांडी घासणारे तो मला गावातली माणसं असावीत तसे दाखवतो. मी नुसती मान हलवते.

होडी सोडण्याआधी तो प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून बघतो. पाहुणे चेष्टा करतात, “दादा, इथं हिमनग आहे का?”

“हिमनग न्हाई, पर पानी हाय की.”

परवा कॅम्पसाठी फोटो काढायला मीही होडीत बसले आणि एक जॅकेट कमी पडलं.

“ती घरचीच आहे,” काका काठावरून ओरडले. “तिला कशाला जॅकेट? सोड होडी.”

त्याने वल्हं उचलून मांडीवर आडवं ठेवलं. “जाकीट न्हाई तर होडी न्हाई, मालक.”

“मग उद्यापासून येऊच नकोस.”

पाहुणे काकांकडे बघू लागले. वल्हं त्याने मांडीवरून हलवलं नाही. काकांना उलट बोलायची आमच्या घरात पद्धत नाही.

“काका,” मी म्हणाले, “त्यांचं बरोबर आहे. मला पोहता येत नाही.”