तार मेलेली हाय!

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं की, गेलेली लाईट आल्यावर सोसायटीतली पोरं "आलीऽऽ" म्हणून ओरडतात, तेव्हा हा पन्नाशीतला गृहस्थ, म्हणजे मी, उजवा हात पाठीमागे लपवतो. बायको हसते.

तरुणपणी मी हर्सूलला राहायचो, वाळूजच्या कारखान्यात जायचो. वादळानंतरच्या सकाळी गल्लीत विजेची तार तुटून डबक्यात पडली होती. पलीकडे कंपनीची बस अडकलेली.

"रात्रीपासून लाईट नाय, तार मेलेली हाय. सार की बाजूला!" ड्रायव्हर ओरडला.

मी नाटकातल्या वीरासारख्या बाह्या सरसावल्या आणि उजवा हात पुढे करून वाकलो. तेवढ्यात शेजारच्या मावशींनी, आमच्या खालांनी, मागून कॉलर धरून मला त्यांच्या ओट्यापर्यंत फरफटत नेलं. "तेरी अम्मा को क्या मुँह दिखाऊँ मैं?"

गल्ली हसली. मीही हसलो.

आणि लाईट आली. घराघरांतून आनंदाचा "आलीऽऽ" उठला, तसं डबकं निळं तडतडलं. जळक्या पाल्याचा वास सुटला. आता वाटतं, मी तिथं वाकलेला असतो, तरी गल्ली तशीच आनंदानं ओरडली असती.

खालांची मूठ अजून सैल झाली नव्हती. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "खाला, कॉलर सोडू नका!"